दर तीन हजारांनी

नखाखाली रंगाचा एक टवका आला, एवढंच खरं तर घडलं होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बेडियाको घरी आला, हातपाय धुतले, आणि उद्या गाडीला बसवायचा तेलाचा नवा फिल्टर खोक्यातून काढून ओसरीवर बसला. घरात शिरलं की हातात काहीतरी लागतंच त्याला. रिकाम्या हातांनी तो तीन वर्षांत एकदाही स्वस्थ बसलेला नाही. फिल्टर चकचकीत निळा होता, वर प्लास्टिकचं घट्ट वेष्टण, ते त्यानं सोलून काढलं. त्यानं सवयीनं कर्कटक शोधलं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या घरात कर्कटकांना तोटा नसतो. नव्या फिल्टरच्या बुडाला कर्कटकाच्या टोकानं तारीख आणि गाडीचे किलोमीटर कोरायचे, ही त्याची जुनी खोड, जिला त्याची बायको सेरवा जन्मभर हसत राहिली. टोक टेकवलं तर रंगच उडाला, आणि रंगाखाली आधीच काहीतरी कोरलेलं होतं. त्यानं नखानं खरवडलं. एक, चार, मग आडवी रेघ, मग तीन. त्याखाली अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे चौऱ्याहत्तर. साताच्या पोटात छोटी रेघ. असा सात अख्ख्या कुमासी शहरात तो एकटाच काढत असावा, पोरं फळ्याकडे बघून खुसखुसतात. चौदा मार्च. तीन वर्षांपूर्वी ज्या दिवशी त्यानं हा फिल्टर गाडीला बसवून घेतला होता, त्या दिवशी सकाळी सेरवानं त्याच्यासाठी अंडी तळली होती, आणि दुपारी ती गेली होती.

तो उठला, आत गेला, बाहेर आला. फिल्टर कानाशी धरून हलवला. आत काहीतरी बारीकसं खुळखुळलं. नव्या फिल्टरात काही वाजता कामा नये, हे त्याला त्याच्या फिटरनं, मास्टर न्यार्कोंनीच शिकवलं होतं. मधल्या मोठ्या भोकातून त्यानं आत बघितलं. बाजूच्या बारीक भोकांमागे रबराचा पडदा असतो, गाडी बंद असताना तेल वरच थोपवून धरणारा. तो कडक होऊन वाकडा झाला होता. म्हणजे कुणीतरी हा जुना डबा रॉकेलमध्ये धुतला, वाळवला, रंगवला, बाहेरची रबरी कडी तेवढी नवी घातली आणि खोक्यात भरून विकायला ठेवला. गेले तीन आठवडे सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून दोन क्षण टकटक यायची आणि थांबायची. बेडियाको त्या दोन क्षणांत श्वास धरून बसायचा. मग सध्या गाडीत आहे तोही असलाच? त्याआधीचा? तो पुन्हा आत गेला, पाणी प्यायला, आणि पेला धुवायचा सोडून तसाच हातात घेऊन उभा राहिला. कारण प्रश्न रबराचा नव्हताच. हा फिल्टर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गाडीतून काढला तेव्हा त्यानं तो मास्टर न्यार्कोंच्या हातात दिला होता. दुसऱ्या कुणाच्याही नाही.

सुआमे मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीत, जिथं हजारो फिटर दिवसभर ठोकाठोकी करतात आणि जमीनसुद्धा तेल पिऊन काळी पडलेली आहे, तिथं एक रीत आहे. जुना फिल्टर गाडीतून निघाला की गाडीवाला स्क्रूड्रायव्हर मागतो आणि सगळ्यांदेखत त्या डब्याला आरपार भोसकतो. भोसकलेला डबा पुन्हा विकता येत नाही. यात कुणी कुणाला चोर म्हणत नाही. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं ते आहे. बेडियाकोही पहिली काही वर्षं भोसकायचा. एकदा न्यार्को हसत हसत म्हणाले होते, "आलास की माझ्या घरचं फुफु खातोस आणि माझ्यासमोर डबा भोसकतोस? उद्या जेवताना ताटही तपासशील." हसत म्हणाले होते, पण डोळे हसत नव्हते. बेडियाको ओशाळला. त्या दिवसापासून त्यानं डबा भोसकणं सोडलं. सगळ्या मॅगझिनमध्ये न भोसकता डबा सोडून जाणारा आपण एकटे, याचा त्याला छुपा अभिमानही होता. ज्याचा मित्र फिटर आहे त्याला ही ऐट परवडते, असं तो शिक्षकांच्या खोलीत सांगायचा. आता ती ऐट आठवून त्याचे कान तापले.

आणि मग ते तीन हजार. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, दहा हजार किलोमीटरला तेल बदला. शाळेतला रसायनशास्त्राचा अडोमाको म्हणतो, हल्लीचं तेल बारा हजारसुद्धा टिकतं, तुम्ही लोक अडाण्यासारखं चांगलं तेल ओतून देता. न्यार्को म्हणायचे, पुस्तक लिहिणाऱ्यानं आमची लाल धूळ खाल्ली नाही. आमच्याकडे पाच हजार. आणि बेडियाको पाच हजाराला जायचा, म्हणजे वर्षातून दोनदा. सेरवा गेली त्या वर्षाच्या अखेरीला हरमॅटनचा वारा सुटला, ओठ फुटले, समोरचा डोंगर धुळीत दिसेनासा झाला, आणि न्यार्को म्हणाले, "धूळ फार आहे. यापुढे तीन हजाराला येत जा." हरमॅटन फेब्रुवारीत संपला. न्यार्कोंनी तीन हजाराचे परत पाच हजार केले नाहीत आणि बेडियाकोनंही विचारलं नाही. त्याला वाटलं, कळलं. माणूस एकटा पडलाय, घर खायला उठतंय, सरळ 'येत जा' म्हटलं तर हा येणार नाही, म्हणून मास्टरांनी धुळीचं निमित्त काढलं. वर्षातून दोनदाचं चारदा झालं. त्या चार शनिवारांवर तो जगला, असं म्हटलं तर कुणी हसेल, पण त्याच्यापुरतं ते खरं होतं. कधी शनिवारी निघताना तो उगाच लांबचा रस्ता घ्यायचा, एजुराच्या बाजूनं एक चक्कर टाकून यायचा, म्हणजे काटा लवकर पुढे सरकावा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पोरांना नकाशा शिकवणारा, रिकामाच गाडी पळवत होता.

आता हे सगळं धुतलेल्या डब्यासारखं होतं की काय? त्याखाली अजून एक गोष्ट होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती. चौदा मार्चचं तेल बदलून अकरा वाजताच झालं होतं. तो घरी आला एक वाजून गेल्यावर. मधले दोन तास तो न्यार्कोंच्या शेडपुढच्या कडुनिंबाखाली बाकावर बसून होता. मक्याचं केंके आणि तळलेला मासा मागवला होता. न्यार्को गावच्या नव्या मुखियाची नक्कल करत होते, आणि बेडियाको पोट धरधरून हसत होता. घरी आला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात सेरवाची एक चप्पल होती आणि आत ती. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, एखादा तास आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे शब्द त्यानं उलटसुलट करून पाहिले होते. त्यातून काहीच निघत नव्हतं, पण त्यांनी त्याला सोडलंही नव्हतं. त्या दोन तासांबद्दल त्यानं मनाशी एकच तडजोड केली होती. गेले ते तास, पण एका सच्च्या माणसाजवळ बसण्यात गेले. आणि आता तो माणूस आपलेच टाकलेले डबे धुऊन आपल्यालाच बसवणारा निघाला, तर? तर सेरवा तिकडे फरशीवर असताना आपण एका लबाडाच्या बाकावर बसून मुखियाची नक्कल बघत होतो. बेडियाकोनं पेला इतक्या जोरानं ठेवला की शेजारच्या अंगणातली कोंबडी पळाली.

त्याच्यानं उद्यापर्यंत थांबवेना. ऊन उतरायच्या आत तो ओल्ड टाफोला फोसुआबाईच्या स्पेअरपार्टच्या दुकानात पोचला. फिल्टर तिथूनच घेतलेला. एरवी न्यार्कोच मागवून घ्यायचे. या वेळी वाटेत दुकान लागलं म्हणून तो उतरला होता, इतकी साधी गोष्ट. फोसुआबाई कुरकुरीत केळ्याचे काप खात बसल्या होत्या. त्यानं डबा समोर ठेवला.

"हा माझा आहे," तो म्हणाला.

"तुमचाच आहे, सर. कालच नेलात ना."

"तसं नाही. हा तीन वर्षांपूर्वीही माझाच होता. हे बघा अक्षर."

फोसुआबाईंनी चष्मा चढवला, बघितलं, आणि बाई अशी हसायला लागली की कापाचा तुकडा घशात अडकून ठसका लागला. "अगंबाई! म्हणजे सर, तुमचा डबा फिरून फिरून घरीच आला की! माणसं परदेशी जातात ती परत येत नाहीत, आणि हा बघा."

"हसू नका. कुणाकडून घेतलात तुम्ही?"

"खोक्यांचा माणूस येतो, देतो, जातो. शंभर खोक्यांत दहा असले निघतात. मी काय प्रत्येकाचं पोट फाडून बघू?" मग तिचा आवाज एकदम बदलला. "पण एक सांगा. हा भोसकलेला का नाही? तुम्ही भोसकला नाहीत?"

त्यानं डब्यावरचा निळा रंग नखानं आणखी थोडा खरवडला.

"सर, शिकलेले ना तुम्ही? इथली टॅक्सीवाली पोरंसुद्धा भोसकतात. मॅगझिनमध्ये अख्खा डबा सोडून यायचा म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जायचं. सांगा, दोष कुणाचा?" तिनं मागच्या फडताळातून दुसरा फिल्टर काढला, दोन्ही हातांत दोन धरून तोलले. "घ्या. धरून बघा. खरा जड लागतो. आतलं रबर बघा, बोटानं दाबलं की परत येतं. आटे बघा, धार आहे. आणि हा तुमचा, बिचारा, थकलाय हो. हा नवा माझ्याकडून न्या, आणि फिटरला सांगा, डोळे उघडे ठेव."

"फिटर माझा मित्र आहे."

"मग तर दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगा," फोसुआबाई म्हणाल्या आणि पुन्हा केळ्याचे काप खायला लागल्या.

शनिवारी सकाळी तो मॅगझिनला निघाला तेव्हा दोन्ही फिल्टर शेजारच्या सीटवर होते. वळणावर ते एकमेकांवर आपटत आणि तो प्रत्येक वेळी दचकायचा. काय बोलायचं हे त्यानं वाटेत चार वेळा ठरवलं आणि पाच वेळा मोडलं. ओरडायचं. मग नको, थंडपणे विचारायचं. मग काहीच बोलायचं नाही, फक्त स्क्रूड्रायव्हर मागायचा आणि त्यांच्या डोळ्यांसमोर डबा भोसकायचा. त्याला एकदा असंही वाटलं की परत फिरावं, दुसरा फिटर धरावा, न्यार्कोंना वाटू दे आपण मेलो. पण परत फिरून जायचं कुठं, हा प्रश्न होताच, आणि गाडी आपली चालतच राहिली. न्यार्को शेडमध्ये एका व्हॅनच्या खाली होते. फक्त पाय दिसत होते. एका पायातल्या बुटाला तारेनं बांधलेलं होतं. बेडियाको वाट बघत उभा राहिला. पलीकडे कुणीतरी कर्ण्यावरून पापाबद्दल ओरडत होतं, अलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"आलास?" न्यार्को खालूनच म्हणाले. "गाडीच्या आवाजावरून ओळखलं. टकटक येत असणार तिची सुरू होताना. किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"मग सांगायचं नाही का, गाढवा?" ते सरपटत बाहेर आले, हात पुसत उठले, आणि बाकावर ठेवलेला निळा डबा बघून तिथंच थांबले. त्यांनी तो उचलला नाही. नुसती मान वाकडी करून बुडावरचं अक्षर वाचलं. साठीला आलेला माणूस, पण बेडियाकोनं त्यांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

"कुठं मिळाला?"

"दुकानात. नव्या खोक्यात."

"अजून आहेतच का बाहेर." हे ते बेडियाकोला म्हणाले नाहीत.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," बेडियाको म्हणाला. आवाज त्यानं ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या शेडमधला पत्रा ठोकणारा थांबला. "मास्टर, तुम्ही धुतलेत माझे डबे? माझे?"

"मी नाही धुतले. बस."

"बसणार नाही मी."

"नको बसू. मी पोत्यात भरून भंगारवाल्याला द्यायचो. शेगड्या करतात त्यांच्या, मला तेच सांगितलं होतं त्यानं. बाकी सगळे आपापले भोसकून जातात, त्यांच्या खरंच शेगड्या झाल्या असतील. तुझेच तेवढे अख्खे." न्यार्को चिंध्यांनी एकेक बोट पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते. "सेरवा गेली त्या नोव्हेंबरात मी एक नवं खोकं उघडलं, दुसऱ्याच गाडीसाठी, आणि आतल्या डब्यावर रंगाखालून तुझा तो पोटात रेघ असलेला सात. मी बाकावर बसून राहिलो. त्या दिवसापासून तुझा प्रत्येक डबा मी तू गेल्यावर हातोड्यानं चेपतो. पण आधीचे सुटले होते ते सुटले होते."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? डबा भोसकतोस म्हणून तुझी लाज काढली होती मी. आता तुझ्यासमोर उभं राहून म्हणू, भोसक बाबा, तुझंच खरं होतं?"

"हो! म्हणायचं!"

"नाही म्हणवलं," न्यार्को म्हणाले. "म्हणून तीन हजार सांगितलं. बाजारातलं कुठलं खोकं खरं, कुठलं धुतलेलं, मला हाताला नेहमी कळत नाही. धुतलेला फिल्टर पाच हजार नाही निभावत. तीन हजाराला काढला तर इंजिनाचं वाटोळं होत नाही."

बेडियाकोला आता खरंच बसावंसं वाटलं, पण बसायचं नाही असं म्हणून चुकला होता. "मला वाटलं," तो म्हणाला, आणि त्याला लाज वाटली, पण थांबता येईना, "मला वाटलं माझ्यासाठी. मी एकटा आहे म्हणून."

न्यार्कोंनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलायला तो क्षण अगदी सोयीचा होता. एक 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं, आणि बेडियाकोनं ते मुकाट्यानं घेतलंही असतं. "नाही," न्यार्को म्हणाले. "सगळ्यांनाच तीन हजार सांगितलं मी तेव्हापासून. व्हॅनवाल्याला विचार."

न्यार्कोंनी तेल सोडलं. काळं तेल दोरीसारखं बारीक होत होत थेंबांवर आलं. फोसुआबाईकडचा खरा फिल्टर त्यांनी वास घेऊन, दाबून, आटे तपासून पसंत केला, कडीला नवं तेल लावलं आणि हातानंच घट्ट बसवला. जुना काढलेला डबा आणि स्क्रूड्रायव्हर त्यांनी बेडियाकोपुढे धरले. बेडियाकोनं हात पुढे केला नाही. तेव्हा त्यांनी डबा जमिनीवर ठेवून स्वतःच भोसकला, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि निळ्या डब्याचंही तेच केलं. चौदा मार्चच्या तारखेतून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. बेडियाकोला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही.

न्यार्कोंनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पुढचा आकडा लिहून ती काचेच्या आतल्या कोपऱ्यात खोचली. बेडियाकोनं गाडीत बसून ती वाचली आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. पाच हजार. फिल्टर खरा होता, तेल चांगलं होतं, हिशेबात खोट नव्हती, आणि घरातून बाहेर काढावं तसं त्याला वाटलं. जूनऐवजी सप्टेंबर. मधले सगळे शनिवार त्याला एकदम दिसले.

"आणि तोवर?" त्यानं विचारलं.

"तोवर काय? निर्धास्त चालव. काही होत नाही."

"गाडीचं नाही विचारत मी."

न्यार्कोंनी हातातली चिंधी खिशात कोंबली. मग गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. तेलानं माखलेल्या कपड्यांनी गिऱ्हाइकाच्या सीटवर बसायचं नाही, बसलंच तर खाली प्लास्टिक घ्यायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता. आज त्यांनी प्लास्टिक घेतलं नाही.

"त्या दिवशी तू दोनदा उठला होतास," ते समोर बघत म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"तुला माहीत आहे कुठल्या. मासा खाऊन हात धुतलेस आणि म्हणालास, निघतो, सेरवा वाट बघत असेल. मी खांद्याला धरून खाली बसवलं. मग पुन्हा उठलास, किल्ली हातात घेऊन. मी किल्ली काढून घेतली. म्हटलं, घर काही पळून जात नाही, मुखियाचं पुढचं ऐकून जा." त्यांचा आवाज चिरका झाला. "तीन वर्षं मी रोज ती किल्ली काढून घेतोय तुझ्या हातातून. ते एक होतंच, त्यावर फिल्टरचं कुठल्या तोंडानं सांगायचं होतं मी तुला?"

बेडियाकोचा कालपासूनचा राग अजून जिथल्या तिथं होता, गेला नव्हता. पण त्याला त्या दुपारचं आपलं असं काही उठणं आठवतच नव्हतं. त्यानं ती दुपार हजारदा डोळ्यांसमोर आणली होती, आणि त्यातल्या एकाही वेळी तो बाकावरून उठला नव्हता. नुसता हसत बसला होता, कुत्र्यासारखा, निर्लज्ज.

"सेरवा वाट बघत असेल, असं म्हणालो मी?"

"अगदी असंच."

"दोनदा उठलो?"

"दोनदा, बेडियाको. मीच बसवलं तुला."

त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तो रडला, सेरवाच्या मयताला चारशे माणसांसमोर काळे-लाल कपडे घालून रडता आलं नव्हतं तसा, आवाज करून. न्यार्कोंनी त्याला हात लावला नाही. मागं कुणाची तरी टॅक्सी आली होती. वाट अडली म्हणून तिनं हॉर्न वाजवला, मग दाबूनच धरला. न्यार्को खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि सगळ्या मॅगझिनला ऐकू जाईल असे ओरडले, "थांब रे! माणूस बसलाय इथं."